चौकटीतला परवा

१

वॉर्डातले शिंपीकाका दुपारी गेले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना कोणी मारलं हे साऱ्या हॉस्पिटलला ठाऊक झालं होतं. माझ्या वहिनीनं.

रक्त पातळ करणारं इंजेक्शन होतं, दिवसाआड एकच द्यायचं. सकाळच्या नर्सनं ते दिलं आणि ती घरी गेली. दुपारी वहिनी पाळीवर आली आणि तिनं ते पुन्हा दिलं. आत रक्तस्राव झाला आणि माणूस हातचा गेला. हॉस्पिटलनं समिती बसवली, वहिनीला घरी बसवलं आणि एक जबाब टाइप करून पाठवला. ‘स्क्रीन वाचण्यात माझ्याकडून हलगर्जी झाली.’ खाली सहीसाठी जागा.

माझ्या भावाचं म्हणणं, सही करून मोकळं व्हावं. “नोकरी जाईल, जाऊ दे. पोलिसांपर्यंत नको जायला,” असं तो दर जेवणाला म्हणायचा. भाऊ वाईट नाही. फक्त त्याला भांडणापेक्षा पराभव स्वस्त वाटतो.

मी वहिनीच्या समोर बसलो. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती आणि दिवा लावलेला नव्हता.

“नीट सांग. स्क्रीनवर काय होतं?”

“भाऊजी, प्रत्येक इंजेक्शनसमोर एक चौकट असते. डोस द्यायचा बाकी असेल तर मागचा कधी दिला ते तिच्यात दिसतं. देऊन झाला की पुढचा कधी ते दिसतं. कागदावर लिहिणं बंद केलंय, चौकट हीच नोंद. मी पाहिलं तेव्हा तिथे ‘परवा’ होतं. मला वाटलं, मागचं परवा दिलंय. दिवसाआडचं आहे, म्हणजे आज द्यायचं.”

“आणि समितीला काय दिसलं?”

“दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या दुपारची चौकट पुन्हा उघडून पाहिली, तर ‘येत्या परवा’. म्हणजे सकाळी देऊन झालंय, पुढचं येत्या परवाला.” ती थांबली. “‘येत्या’ नव्हतं हो तिथे. मी त्या वॉर्डात नवी असले तरी आंधळी नाही. निदान कालपर्यंत तरी असं म्हणत होते. आता तेही कळेनासं झालंय.”

“सही करू नकोस.”

“सहीचं काय घेऊन बसलात? माझ्याच डोळ्यांवर माझा भरवसा राहिला नाही, तर उद्या मी कुणाच्या अंगाला सुई लावू?”

समिती सोमवारी बसणार होती. मला तिचे डोळे तिला परत आणून द्यायचे होते.

२

माझा धंदा शोधण्याचा आहे. पण माणसं नाही, कोड. जगात हजारो लोक आपली सॉफ्टवेअर फुकट, उघडी, सगळ्यांना वाचता येतील अशी ठेवतात. कोड, माहितीपुस्तिका, सूचना, सगळंच. त्या ढिगातून हवी ती ओळ काढून देणारं एक यंत्र मी चालवतो. तळघरातली खोली, पंख्यांचा आवाज, आणि दिवसभर इतरांच्या चुका. या कामानं माणूस हसतमुख होत नाही.

वॉर्डातला स्क्रीन बनवणाऱ्या कंपनीत गेलो. तिथल्या इंजिनिअरच्या केबिनमध्ये एसी इतका होता, की साहेब स्वतःच गळ्याला मफलर गुंडाळून बसले होते.

“आमचा माल स्वच्छ आहे,” मफलर म्हणाला आणि त्यानं तसाच एक स्क्रीन माझ्याकडे वळवला. “बघा. येत्या परवा. शेंबडं पोरही वाचेल.”

वाचलं असतं, पण मानेला त्रास झाला असता. ‘येत्या’ वरच्या ओळीत होता, ‘परवा’ खालच्या ओळीत, आणि खालच्या ओळीचे पाय चौकटीनं कापले होते.

“चौकट लहान झालीय.”

“बोट ठेवायला जागा शोधली तर सापडतेच.” त्याला राग आला. “आणि हे शब्द आमचे नाहीतच मुळी. ‘दिनशब्द’ म्हणून ओपन सोर्स प्रोजेक्ट आहे. आज, उद्या, परवा, सगळे दिवसांचे शब्द. आमचं सॉफ्टवेअर रोज सकाळी तिथून ताजी फाइल उतरवून घेतं.”

“जुनी फाइल?”

“जुनी कोण ठेवतं?”

दुसऱ्यानं फुकट खपून लिहिलेले शब्द घ्यायचे, आणि विचारलं की हात झटकायचे. आयत्या बिळावरचे असे नागोबा मी पुष्कळ पाहिलेत. पण त्याच्या बोलण्यात एक सोय होती. अशा उघड्या प्रोजेक्टमध्ये प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो. कोणी, कोणता शब्द, का बदलला, सगळं.

मी तळघरात परतलो आणि ‘दिनशब्द’चा इतिहास उघडला. फाइल जन्माला आली त्या दिवशी ‘येत्या परवा’ होतं. आजही ‘येत्या परवा’ होतं. मधे त्या ओळीला कोणी बोटही लावलेलं नव्हतं.

म्हणजे एक तर वहिनी चुकली होती, नाही तर इतिहास.

३

‘दिनशब्द’ सुरू करणाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात. पूर्वी गणित शिकवायचे. आता दम्यानं घराबाहेर पडणं बंद झालंय. खिडक्या लावलेल्या, पलंगावर फवाऱ्याच्या औषधाच्या बाटल्या, आणि मधे एक जुना संगणक.

“एका नर्सवर बालंट आलंय,” मी म्हणालो. “तुमच्या फाइलमधल्या एका शब्दावरून.”

“त्या बाईंचं काय होणार?” त्यांनी लगेच विचारलं.

“सही केली तर नोकरी जाईल. नाही केली तर कदाचित खटला.”

ते बराच वेळ श्वास जमवत राहिले. “फाइलचा इतिहास उघडा आहे. पाहिलात ना?”

“पाहिला. त्यात बदल कोण करू शकतं?”

“सुचवू कोणीही शकतं. आत घ्यायचा की नाही ते मी ठरवतो. किल्ली एकट्या माझ्याकडे आहे.”

“अजून कोण काम बघतं?”

“शुद्धलेखन बघणाऱ्या एक बाई आहेत. पण तिला यातलं… त्यांना यातलं काही ठाऊक नाही. उगाच त्रास देऊ नका.”

मी उठलो. माणूस मला आवडला होता. आजारी, एकटा, आणि आयुष्यभर दुसऱ्यांसाठी फुकट राबलेला. जिना उतरताना मात्र काहीतरी खटकलं. त्यांनी नर्सची चौकशी केली होती. कोणता शब्द, हे विचारलंच नव्हतं.

४

शुद्धलेखनवाल्या बाई एका छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. मी भेटीसाठी चिठ्ठी आत पाठवली होती. बाहेर आल्या तेव्हा ती त्यांच्या हातात होती आणि तिच्यावर लाल खूण होती.

“‘हि विनंती’ नाही. ‘ही’ दीर्घ.”

“चुकलं.”

“सगळेच चुकतात. म्हणून तर माझं पोट चालतं.” त्या मोकळं हसल्या. गेल्या आठवड्यात मी पाहिलेलं ते पहिलं हसू होतं.

समितीनं मृत्यूबद्दल बाहेर बोलायला बंदी केली होती, म्हणून मी एवढंच म्हणालो, की एका हॉस्पिटलच्या स्क्रीनवरून घोटाळा झालाय. माझा संशय मफलरवर होता. एकच शब्द मावेल एवढी चौकट काढणाऱ्याला छोटा शब्द हवाच असणार.

“एखाद्या कंपनीनं तुम्हाला शब्द छाटून द्या असं सांगितलं होतं का?”

“सांगून बघावं!” त्या ताठ झाल्या. “चौकटीसाठी आम्ही शब्द कापत नाही. शब्द मुळात लहान असेल तर लहान लिहावा. मोठा असेल तर चौकट मोठी करावी.”

“तुम्ही या प्रोजेक्टमध्ये बऱ्याच दिवसांपासून आहात?”

“दिनशब्दमधला एकही शब्द माझ्या हाताखालून गेल्याशिवाय राहिलेला नाही. मास्तरांचे तर अनुस्वारसुद्धा मी दुरुस्त करते. चिडतात, पण ऐकतात.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “तुम्ही त्यांच्याकडे जाऊन आलात म्हणे. फार बोलायला लावू नका हो त्यांना. दमा वाढतो.”

मी मान हलवली आणि निघालो. रस्त्यावर येईपर्यंत मला कळलंही नव्हतं, की बाईंनी मला अर्धं उत्तर देऊन टाकलंय. घरी भाऊ म्हणाला, वहिनीनं पेन मागून घेतलंय.

५

माझं यंत्र आजचं वाचतं आणि कालचं विसरतं, सगळं साठवायला लागते तेवढी जागा मला परवडत नाही. तरी एक आशा होती. उघड्या कोडच्या जगात माणसं दुसऱ्याची फाइल उचलून आपल्या प्रोजेक्टमध्ये ठेवतात आणि मग तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. ‘परवा’ एकटा असतानाची एखादी प्रत कुठेतरी पडलेली असणार.

शोधू लागलो. शाळेचं वेळापत्रक, पाण्याच्या टाक्या, ग्रंथालयं, बसगाड्या. प्रती ढिगानं निघाल्या आणि प्रत्येकीत ‘येत्या परवा’ माझ्याकडे बघून दात काढत होता. एकटा ‘परवा’ शोधावा, तर तो लाखो ओळींत होता. रविवारची दुपार झाली. वहिनीचा फोन आला.

“भाऊजी, जेवून घ्या. आणि आता सोडा. माझीच नजर चुकली असेल.”

“असेल?”

“चुकली,” ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

त्या एका शब्दानं मला शिवी दिल्यासारखं झालं. मी खुर्चीवर परत बसलो आणि उलट्या बाजूनं विचार केला. समजा, चूक खरंच झाली होती. ती दुरुस्त झाली की कोडमधून पुसली जाते. पण चूक होती तोवर माणसं तिच्याबरोबर जगली असणार. आणि चुकीबरोबर कसं जगायचं हे माणसं कोडमध्ये लिहीत नाहीत, माहितीपुस्तिकेत लिहितात. ती पुढे कोणी वाचत नाही, म्हणून कोणी पुसतही नाही.

मी कोड बाजूला ठेवला आणि फक्त पुस्तिकांमध्ये शोधलं. ‘परवा’, आणि त्याच परिच्छेदात ‘गेलेला’.

एक लाँड्री निघाली. कपड्यांच्या पावत्या छापणारं छोटंसं सॉफ्टवेअर, मालकानं स्वतःच लिहिलेलं. त्याच्या पुस्तिकेत ही सूचना होती:

‘पावतीवर नुसतं परवा छापून येत आहे. गिऱ्हाईकाला तोंडी सांगावे की येणारा परवा, गेलेला नव्हे. काल यावरून एका बाईंशी भांडण झाले.’

ज्याच्या पावतीवर ‘येत्या परवा’ येतं, तो हे कशाला लिहील? मी त्याच्या प्रोजेक्टमध्ये शिरलो. मालकानं ‘दिनशब्द’ची फाइल एकदाच उचलून ठेवली होती. पुढच्या परवासमोर ‘परवा’. मागच्या परवासमोरही ‘परवा’. आणि वर एक टीप होती, सहीशिवाय:

‘परवाला विशेषण लावू नये. काळ क्रियापद सांगतं.’

मी आधी मोठ्यानं हसलो. किती खरं होतं! परवा आलो, परवा येईन. आपण काय ‘येत्या परवा येईन’ म्हणतो? मग हसू आटलं. वाक्यात क्रियापद असतं. चौकटीत नसतं.

वहिनीनं बरोबर वाचलं होतं. पण ते कोणी पुसलं होतं?

६

मास्तरांनी दार उघडलं आणि माझ्या हातातला कागद पाहून ते आधाराला भिंतीला टेकले.

“बसा,” मी म्हणालो. “मी बोलतो. मला वाटत होतं शब्द मफलरनं, त्या स्क्रीनवाल्या कंपनीच्या इंजिनिअरनं, कापला. पण ज्याला जागा वाचवायची तो कारण जागेचंच देतो. इथे कारण व्याकरणाचं आहे. हे शुद्धलेखनवाल्या बाईंनी केलं.”

ते पलंगाच्या कडेला बसले.

“काका गेल्यावर कोणीतरी ‘येत्या’ परत लावलं. ठीक आहे, चूक दुरुस्त केली. पण इतिहास कशाला बदलला? बाई म्हणतात, एकही शब्द त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय राहिलेला नाही. आणि तुमच्या इतिहासात त्यांच्या नावाची एकही नोंद नाही, एका अनुस्वाराचीसुद्धा. शब्द लपवायचा असता तर एक नोंद पुसून भागलं असतं. इथे शब्द नाही, माणूस लपवलाय. त्या स्वतः लपवत असत्या तर त्यांनी मला फुशारकीनं सांगितलं नसतं. त्यांना काहीच माहीत नाही. मफलरला त्यांच्याशी देणंघेणं नाही आणि त्याच्याकडे किल्लीही नाही. किल्ली एकट्या तुमच्याकडे आहे.”

“त्यानंच फोन केला होता,” मास्तर हळू म्हणाले. “त्याच संध्याकाळी. म्हणाला, तुमच्या शब्दानं माणूस मेलाय, दोघांच्याही भल्यासाठी निस्तरा.”

म्हणजे मफलरला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला तो स्वच्छ माल दाखवत होता तेव्हाही.

“परक्या बाईसाठी तुम्ही एवढं केलंत?” मी विचारलं. “मागे तुम्ही आधी ‘तिला’ म्हणालात आणि मग ‘त्यांना’. परक्या बाईबद्दल अशी जीभ घसरत नाही.”

“माझी लेक आहे.” त्यांना धाप लागली. “प्रोजेक्टमध्ये ती मला मास्तर म्हणते, मी तिला बाई. तिला कळलं तर ती जगायची नाही. शब्दांवर जीव आहे तिचा. मी माझ्या नावावर घेतो सगळं. आजच लिहून देतो. तिचं नाव नको.”

“आणि माझ्या वहिनीचं नाव चाललं?”

“मी तिला ओळखत नव्हतो हो,” ते म्हणाले.

मला त्यांची कीव आली आणि संतापही आला. एकीला वाचवायला दुसरीला बुडवताना दुसरीचं तोंड बघावं लागत नाही, यातच सगळी सोय असते.

मागे दारात कुणाच्या तरी हातून औषधाची पिशवी खाली पडली.

“बाबा,” शुद्धलेखनवाल्या बाई म्हणाल्या. “कोण मेलं?”

७

मास्तरांनी सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांना श्वास पुरेना. शेवटी मीच सांगितलं. बाईंनी लाँड्रीच्या फाइलचा कागद घेतला आणि आपलंच वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. हातात पेन असल्यासारखा अंगठा हलत होता.

“वाक्य बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “यात चूक काढता येत नाही.”

मग त्या खाली बसल्या आणि रडल्या. मास्तर त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले, तो त्यांनी बाजूला केला.

“माझ्या नोंदी परत लावा, बाबा. सगळ्या. तारखेसकट. आत्ता, माझ्यासमोर.”

सोमवारी समितीसमोर तो इतिहास, लाँड्रीची फाइल आणि बाई स्वतः, तिघंही होती. एकाच चौकटीत मागचा आणि पुढचा दिवस दाखवायची अक्कल कोणाची, हे समितीनं मफलरला विचारलं. तो पाणी प्यायला. वहिनीवरचा ठपका निघाला. भावानं घरी येऊन सांगितलं, की त्याला पहिल्यापासून खात्री होती. वहिनीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्यानं ताटं घ्यायला उठला.

मला वाटलं, संपलं. वहिनी मात्र म्हणाली, “मला शिंपीकाकांच्या घरी जायचंय. याल का बरोबर?”

“आता कशाला? तुझी चूक नव्हती हे सिद्ध झालंय.”

“म्हणूनच. आधी गेले असते तर माफी मागायला आले असं झालं असतं.”

काकांची बायको पुढच्या खोलीत बसली होती. शिलाईचं यंत्र चादरीखाली झाकलेलं होतं आणि दोरीवर कुणाचेतरी अर्धवट शिवलेले कपडे तसेच लटकत होते.

“तुमची चूक नव्हती असा हॉस्पिटलचा फोन आला होता,” काकू म्हणाल्या. “मग कोणाची होती?”

माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी सुरुवात केली. विशेषण, चौकट, कंपनी, किल्ली. काकू माझ्याकडे बघत राहिल्या, आणि बोलता बोलता माझं मलाच ते पोकळ वाटायला लागलं. मी मधेच थांबलो.

“इंजेक्शन मी दिलं,” वहिनी म्हणाली.

काकूंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“स्क्रीनवर जे होतं ते मी बरोबर वाचलं. पण देताना एकदा मनात आलं होतं, की काकांनाच विचारावं, सकाळी दिलं का म्हणून. हे मी कोणालाच सांगितलं नाही. समितीनंही विचारलं नाही. ते झोपले होते. इतके छान झोपले होते, की मला उठवावंसं वाटलं नाही.”

काकूंनी बाकावरचं कापड गोळा करून बाजूला सारलं आणि वहिनीला शेजारी जागा करून दिली.

“झोपमोड केलेली त्यांना चालायची नाही,” त्या म्हणाल्या. “माझ्यावरसुद्धा ओरडायचे.”

वहिनी त्यांच्याजवळ बसली. मी बाहेर पायऱ्यांवर जाऊन थांबलो.